संभाव्य अकरा आणि एक डावा घोटा

गावच्या साप्ताहिकात 'संभाव्य संघ आणि दुखापती' हे सदर या खेपेला आपला साडू लिहिणार, ही बातमी तपशीलरावांना सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर कळली आणि त्यांना जोरदार ठसका लागला. पाठीत चार बुक्के घालून तो ठसका थांबवला, तोही साडूनंच. एका जेवणात माणसाचा अपमान करायचा तरी किती, याला काही धरबंध असावा.

तपशीलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कचेरीतल्या दुखापत-दावे विभागात बावीस वर्षं काढल्यावर कचेरीनं ते त्यांना बहाल केलं होतं. कुणी 'हात मोडला' असं लिहून आणलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुठला? कुठे? कशानं? आणि मोडला म्हणजे मोडला, की नुसता मुरगळला?" त्यांच्या टेबलापुढून माणूस समाधानानं जायचा असं नाही, पण नोंद अचूक होऊन जायचा. गावात गुडघा, घोटा, पोटरी आणि खांदा यांबद्दल अधिकारवाणीनं बोलू शकेल असा दुसरा माणूस नव्हता. निदान तपशीलरावांच्या पाहण्यात तरी नव्हता.

आणि साडू? साडू बाथरूमच्या फरश्या विकायचा.

"संपादक फरशी बघायला आले होते," साडू सासूबाईंना सांगत होता. "बोलता बोलता फुटबॉलचा विषय निघाला. मी म्हटलं, या वेळी तांबडे जिंकणार म्हणजे जिंकणार. तर म्हणाले, हेच लिहून द्या."

"आमच्या धाकट्या जावयांच्या जिभेवर साखर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि थोरल्या जावयाकडे बघून पुढे म्हणाल्या, "तुम्ही पाणी प्या."

तांबडे म्हणजे गावचा संघ. हिरवे म्हणजे नदीपलीकडच्या गावचा. गेल्या वर्षी वरच्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यात हिरव्यांनी तांबड्यांना एका गोलानं हरवलं होतं आणि यंदा पुन्हा त्याच टप्प्यावर तेच दोन संघ समोरासमोर आले होते. येत्या रविवारी सामना होता. दोन्ही गावांतले लोक वर्षभर नदीच्या पुलावरून एकमेकांकडे न बघता ये-जा करत होते. अशा प्रसंगी कोणाचा स्नायू ताणलाय, कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, हे सांगायचं काम संपादकांनी फरशीवाल्याला द्यावं! साडूला लिगामेंट आणि लिनोलियम यांतला फरक सांगता आला असता की नाही, याची तपशीलरावांना शंका होती.

घरी येताना ते बायकोला म्हणाले, "मला काही फरक पडत नाही."

"मी काही विचारलं का?" बायको म्हणाली.

"नाही, पण पडत नाही."

हे वाक्य त्यांनी संध्याकाळपर्यंत सहा वेळा म्हटलं. सातव्या वेळी बायको म्हणाली, "अहो, एवढं पडत नाही तर तुम्हीही लिहा की काहीतरी." ती बिचारी कंटाळून बोलली, पण सोमवारी सकाळी तपशीलराव कोरी वही घेऊन कचेरीत गेले आणि त्यांनी पहिल्या पानावर 'मूल्यमापन' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मूल्यमापनाला आधी वस्तू डोळ्यांनी बघावी लागते. म्हणून कचेरी सुटल्यावर ते सरावाच्या मैदानावर गेले. पण तांबड्यांच्या कोचनं कुंपणाला आतून ताडपत्र्या लावल्या होत्या. तपशीलरावांनी एका भोकाला डोळा लावला, तर पलीकडून त्याच भोकाला कोचचा डोळा लागलेला होता. दोन डोळ्यांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी मान तपशीलरावांच्या डोळ्यानं खाली घातली.

इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर भेटले. त्यांना जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरं ठाऊक होती आणि प्रश्न विचारला जाण्याची वाट बघायची सवय नव्हती.

"मैदानावर काय बघता?" ते म्हणाले. "दुखणाईत खेळाडू मैदानावर असतो का? तो असतो बँकेमागच्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे. तिथे जाऊन बसा. सगळं कळतं."

"तिथे मी कशाला म्हणून जाऊ?"

"पेशंट म्हणून. तुमच्या वयाला काहीतरी दुखतच असतं. दुखत नसेल तर दाबून बघा."

बावीस वर्षं ज्यानं लोकांची खोटी दुखणी पकडली, त्याच्यावर खोटं दुखणं आणायची वेळ आली. तपशीलरावांना याची लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याच वेळी आतून बायकोचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. पलीकडे मेहुणी असणार. "काय सांगतेस! फोटोसुद्धा छापणार? बॉल हातात धरून?" लाजेचं तिथल्या तिथे निधन झालं.

त्यांनी मान निवडली. कंबर निवडली तर चालणं बदलावं लागतं, गुडघा निवडला तर जिन्यात लक्षात ठेवावं लागतं. मानेचं दुखणं मात्र एक्स-रेत दिसत नाही आणि बसल्या जागी करता येतं. मंगळवार डॉक्टरांची चिठ्ठी मिळवण्यात गेला, कारण चिठ्ठीशिवाय फिजिओ बाई घेत नसत आणि डॉक्टरांच्या दारातला माणूस नंबराशिवाय आत सोडत नसे, आणि नंबर सकाळी आठला संपत. बुधवारी ते बाईंच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना तीन पानी फॉर्म भरायला दिला. त्यात 'दुखण्याचे स्वरूप' या रकान्यापुढे फक्त दीड इंच जागा होती. तपशीलरावांनी बाजूच्या समासात, मग मागच्या बाजूला आणि शेवटी एक जादा कागद मागून घेऊन ते लिहिलं. दुखणं खोटं असलं तरी नोंद मोघम ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

फिजिओ बाई बोलायला गोड आणि हातानं लोहार होत्या. त्यांनी तपशीलरावांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, "सैल सोडा" म्हणाल्या आणि डावीकडे वळवलं. मानेत काडकन काहीतरी वाजलं. त्या क्षणापासून तपशीलरावांचं दुखणं खोटं राहिलं नाही.

"केवढी आखडलीय हो!" बाई म्हणाल्या. "बरं झालं वेळेवर आलात."

त्यांनी तपशीलरावांना पलंगावर बसवून हनुवटीखालून एक पट्टा घेतला, तो डोक्यावरच्या कप्पीला अडकवला, दोरीला वजन लावलं आणि पडदा ओढून पलीकडच्या पेशंटकडे गेल्या. तपशीलराव टांगलेल्या कंदिलासारखे बसून राहिले. आणि पडद्यापलीकडून आवाज आला.

"रविवारी नाही," बाई म्हणत होत्या. "स्वप्नातसुद्धा नाही."

"ताई, मी पळणार नाही. नुसता उभा राहीन."

तो आवाज अख्खा गाव ओळखत होता. तांबड्यांचा आघाडीचा खेळाडू, डावऱ्या. एरवी घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडणारा मुलगा, पण डाव्या पायानं असा गोल मारायचा की गोलकीपर चेंडू शोधायला वळेपर्यंत लोक नाचायला लागलेले असत. यंदाचे निम्मे गोल त्याचे होते.  तपशीलरावांनी अधिक नीट ऐकू यावं म्हणून अंमळ डावीकडे कलायचा प्रयत्न केला. दोरी आली, कप्पी आली, कप्पीसकट पडद्याची दांडी आली आणि पडदा बाजूला होऊन तपशीलराव हनुवटीला पट्टा बांधलेल्या अवस्थेत डावऱ्यापुढे प्रकट झाले.

"काका," डावऱ्या दचकून म्हणाला, "तुम्ही पेपरवाले का?"

"छे!" हा शब्द तपशीलरावांनी इतक्या कडवटपणे उच्चारला की डावऱ्याचा विश्वास बसला. "मी विमा कचेरीत असतो. दुखापती विभागात."

"म्हणजे रोज हेच बघता! मग तुम्हीच सांगा ताईंना," असं म्हणून त्यानं डावा पाय पुढे केला. घोटा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता.

तपशीलरावांनी चष्मा सावरला. मान दुखत होती, पट्टा हनुवटीत रुतत होता, पण समोर दुखापत होती. त्यांनी बोटानं हलकेच दाबून पाहिलं. "बाहेरच्या बाजूचं लिगामेंट. अर्धवट फाटलंय. तीन आठवडे. धावलास तर तीन महिने."

"मी सकाळपासून हेच सांगतेय," बाई म्हणाल्या.

तपशीलरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका पदवीधर बाईनं, साक्षीदारासमोर, त्यांचं निदान शब्दशः मान्य केलं होतं. फरशीवाल्याला हे जन्मात जमलं नसतं.

डावऱ्या मात्र हळू आवाजात म्हणाला, "काका, हे फक्त कोचला आणि ताईंना माहीत आहे. हिरव्यांना कळलं ना, तर पहिल्या पाच मिनिटांत मुद्दाम याच घोट्यावर घुसतील. आणि मी खेळणार नाही असं कळलं तर सगळे पुढे येऊन आम्हाला चेपतील. मी मैदानात आहे एवढ्यानंच त्यांची दोन माणसं मागे राहतात. कुणाला बोलू नका."

तपशीलराव म्हणाले, "हं."

मराठीतला 'हं' हा फार सोयीचा शब्द आहे. तो होकारही नाही आणि नकारही नाही. विमा कचेरीत तर तो पत्रव्यवहारातसुद्धा वापरावा असं तपशीलरावांचं मत होतं.

मानेला पांढरा पट्टा बांधून ते घरी आले तेव्हा त्यांनी खरोखर कुणाला काही सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. पण दार उघडताच बायको म्हणाली, "मानेला काय झालं?" आणि उत्तराची वाट न बघता, "बरं ऐका, त्यांचा लेख तयार झाला. धाकटीनं फोनवर वाचून दाखवला आईला. आई रडली."

"फुटबॉलच्या लेखावर?"

"असं लिहिलंय म्हणे, काळजाला हात घालणारं. 'डावऱ्या ठणठणीत आहे, त्याच्या डोळ्यांत विजय दिसतो.'"

ठणठणीत! तपशीलरावांच्या डोळ्यांपुढे तो जांभळा घोटा आला. खरं ज्याला ठाऊक, त्यानं मानेला पट्टा बांधून गप्प बसायचं आणि ज्याला ओ का ठो कळत नाही, त्यानं बॉल हातात धरून फोटो काढायचा! त्या संध्याकाळी त्यांनी वही उघडली आणि चार पानं लिहून काढली. अकराच्या अकरा खेळाडू, प्रत्येकाची जागा, गेल्या तीन हंगामांतल्या दुखापती आणि आठव्या परिच्छेदात, पोटकलम ब मध्ये, डावऱ्याचा डावा घोटा.

साप्ताहिकाच्या पायऱ्या चढणं स्वाभिमानाला शोभलं नसतं. म्हणून त्यांनी इमारतीच्या सूचना फलकाची निवड केली. हा फलक खालच्या प्रवेशद्वारात, काचेच्या कुलूपबंद कपाटात होता. शनिवारी संध्याकाळी सासूबाई आणि साडू चहाला यायचे होते आणि आत येताना तो त्यांच्या डोळ्यांपुढेच येणार होता.

सेक्रेटरींनी ती पानं उलटीपालटी केली. "हे कशात बसवायचं? आमच्याकडे चारच सदरं आहेत. पाणी, लिफ्ट, हरवलं-सापडलं आणि शोक."

"माहिती म्हणून लावा."

"माहिती असं सदर नाही. माहितीसाठी फलक नाहीच तो." त्यांनी खूप विचार केला. "यात दुखापती आहेत ना? मग आरोग्य म्हणून घेऊ. पण आरोग्याला अध्यक्षांची सही लागते."

अध्यक्षांनी दोन प्रतींत अर्ज मागितला. अर्जावर खजिनदारांची हरकत नसल्याची सही हवी होती आणि खजिनदारांची सगळ्याच गोष्टींना हरकत असे. गुरुवार त्यात गेला. अखेर शुक्रवारी सकाळी सेक्रेटरींनी चारही पानं टाचण्यांनी लावली, काच बंद केली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि शेजारी ठेवलेली बॅग उचलली.

"मुलीकडे चाललोय," ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी येईन."

तपशीलरावांनी काचेतून आपलं अक्षर पाहिलं. त्यांना वाटलं, आता कसं बरं वाटतंय. हे बरं वाटणं दुपारी चारपर्यंत टिकलं.

चारला त्यांना मानेसाठी पुन्हा फिजिओ बाईंकडे जायचं होतं. डावऱ्या तिथे बर्फात पाय घालून बसला होता. त्यांना बघताच तो उठायला लागला.

"बस, बस."

"काका, तुम्ही कुणाला बोलला नाहीत," डावऱ्या म्हणाला. "मी दोन दिवस घाबरलो होतो. पण हिरव्यांकडून काहीच कुजबुज नाही. कोचना म्हटलं, ते काका भले माणूस आहेत." मग त्यांच्याकडे निरखून बघत तो म्हणाला, "हा पट्टा तुम्ही उलटा बांधलाय. थांबा." आणि त्यानं एका पायावर उभं राहून, तोल सांभाळत, तपशीलरावांच्या मानेचा पट्टा सोडून नीट बांधून दिला.

तपशीलरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. बाईंचे उपचार न घेताच ते बाहेर पडले आणि आखडलेल्या मानेनिशी, आजूबाजूला न बघता, कारण बघताच येत नव्हतं, घराकडे धावत सुटले.

काच बंद होती. कुलूप शाबूत होतं. सेक्रेटरी फोन उचलत नव्हते. अध्यक्ष म्हणाले, सूचना काढायलाही दोन प्रतींत अर्ज लागतो आणि शिवाय किल्ली लागते. "आणि काच फोडलीत तर ती हरवलं-सापडलंमध्ये येणार नाही."

एवढ्यात तळमजल्यावरच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाईंच्या दारासमोर एक गाडी थांबली. तिच्यातून चार पाहुणे उतरले. चौघांच्याही गळ्यात हिरवे मफलर होते.

"हा माझा मावसभाऊ," चित्रकलेच्या बाईंनी एका उंच गृहस्थाची ओळख करून दिली. "याचा सख्खा भाऊ हिरव्यांचा कोच आहे. सामन्यासाठी आलेत सगळे."

तपशीलराव फलकाला पाठ लावून उभे राहिले.

शुक्रवारची संध्याकाळ त्यांनी तशी काढली. शनिवारी कचेरीला सुट्टी होती, तेव्हा सकाळी चहा घेऊन ते पुन्हा जागेवर हजर झाले. लोक येत-जात विचारत होते. कंपाउंडरांनी तर लगेच निदान केलं. "काचेला डोकं टेकवून उभं राहायचं. उत्तम. मानेला गारवा मिळतो. किती वेळ सांगितलंय?"

"दिवसभर," तपशीलराव म्हणाले.

"माझीही धरलीय जरा," असं म्हणून कंपाउंडर त्यांच्या शेजारी टेकून उभे राहिले. अकराच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि त्यांनीही टेकवली. तपशीलरावांना हायसं वाटलं. तीन डोक्यांमागे चारही पानं झाकली जात होती. पण काकूंना भाजी आणायची आठवण झाली, कंपाउंडरांना कंटाळा आला आणि पुन्हा ते एकटेच उरले.

दुपारी उंच पाहुणे समोर आले. "पाणी किती वाजता येतं ते बघायचं होतं जरा."

"साडेपाच ते सात," तपशीलराव म्हणाले.

"आणि मागे हे एवढं मोठं पाण्याचंच लावलंय का?"

तपशीलराव आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नसे. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शोकसंदेश."

पाहुण्यांचा चेहरा एकदम उतरला. "अरेरे! कोणाचा?"

"घरातलाच," तपशीलराव म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाच्या भीतीनं त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

पाहुणे हात जोडून मागे सरले. त्यांनी ते चित्रकलेच्या बाईंना सांगितलं, बाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, काकूंनी मंडईत तपशीलरावांच्या मेहुणीला गाठून तिचे दोन्ही हात हातात घेतले. संध्याकाळी पाचला सासूबाई, मेहुणी आणि साडू चहाऐवजी सांत्वनाला आले. साडूनं पांढरा शर्ट घातला होता.

"साडूभाऊ!" म्हणत त्यानं तपशीलरावांना अशी कडकडून मिठी मारली की ते फलकापासून दोन हात लांब गेले. "मी आहे ना! पण गेलं कोण?"

वरून बायको धावत आली. "अहो, कोण गेलं? आणि मला न सांगता?"

"कुणीही गेलेलं नाही," तपशीलराव मिठीतूनच म्हणाले. पण तोवर फार उशीर झाला होता. साडू त्यांच्या खांद्यावरून फलकाकडे बघत होता. त्याच्या शेजारी उंच पाहुणेही येऊन उभे राहिले होते. तपशीलरावांनी डोळे मिटले. आठवा परिच्छेद, पोटकलम ब. संपलं सगळं.

"हे तुम्ही लिहिलंय?" साडूनं विचारलं.

"हो."

"साडूभाऊ, किती बारीक लिहिता हो! कोण वाचणार हे?" साडूनं नाक काचेला लावून पाहिलं आणि परत घेतलं. "पहिल्या ओळीत 'प्रास्ताविक', दुसरीत 'व्याख्या'. मला तर तिसऱ्या ओळीला जांभई आली."

"मी कालच येताना बघितलं होतं," पाहुणे म्हणाले. "मला वाटलं, पाणीपुरवठ्याचे नियम आहेत. म्हणून तर आज वेळ बघायला आलो."

"मी दोनदा सुरुवात केली," जिन्यातून कंपाउंडर म्हणाले. "पण दुसऱ्या पानाच्या पुढे माणूस जिवंत पोचत नाही."

तपशीलरावांनी डोळे उघडले. दीड दिवस, आखडलेल्या मानेनं, त्यांनी जे जिवापाड झाकलं होतं, ते कोणी फुकट दिलं तरी वाचणार नव्हतं. डावऱ्याचा घोटा सुरक्षित होता. त्यांनी आनंद मानायला हवा होता. तो काही केल्या मानता येईना.

"हे बघा, लिहावं असं," म्हणत साडूनं खिशातून त्याच दिवशी निघालेलं साप्ताहिक काढलं आणि पाहुण्यांच्या हातात दिलं. पाहुण्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. "वा," ते म्हणाले. "म्हणजे डावऱ्या ठणठणीत आहे तर. सगळा हल्ला डावीकडूनच होणार." आणि ते फोन कानाला लावत बाजूला गेले.

रविवारी दुपारी पुलापलीकडच्या मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सासूबाईंनी मधे साडूला बसवून घेतलं होतं. तपशीलराव टोकाला, खांबाच्या मागे होते. मान वळत नसल्यानं खेळ उजवीकडे गेला की त्यांना अख्खं अंग वळवावं लागायचं आणि प्रत्येक खेपेला मेहुणी म्हणायची, "भावजी, जरा सरळ बसा ना."

डावऱ्या मैदानात आला आणि डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. हिरव्यांचे एक नाही, दोन नाही, चांगले तीन खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. तो उजवीकडे दोन पावलं सरकला की तिघंही सरकायचे. तो बुटाची नाडी बांधायला वाकला की तिघंही वाकून बघायचे. त्यानं हात वर करून चेंडू मागितला की तिघांची धांदल उडायची. तासभर त्यानं चेंडूला पाय लावला नाही आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण उजवीकडे मैदान माळासारखं मोकळं पडलं होतं. सत्तराव्या मिनिटाला तिकडून तांबड्यांचा एक बारकासा खेळाडू, ज्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, एकटाच चेंडू घेऊन निघाला आणि थेट जाळ्यात घालून आला.

शिट्टी वाजली. तांबडे एका गोलानं जिंकले.

लोकांनी साडूला उचललं. "यांनी लिहून हिरव्यांना बरोब्बर डावीकडे गुंतवलं!" कुणीतरी ओरडलं. "काय डोकं आहे!" संपादकांनी येऊन साडूचा हात हातात घेतला आणि पुढच्या हंगामाचं सदर तिथल्या तिथे त्याला दिलं. सासूबाई डोळे पुसत होत्या. तपशीलराव खांबामागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रत्येक टाळी साडूच्या गालावर वाजतेय अशी कल्पना केली की त्यांना जरा बरं वाटत होतं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. डावऱ्या लंगडत प्रेक्षकांकडे येत होता. साडू लोकांच्या खांद्यांवरून घाईघाईनं खाली उतरला, शर्ट नीट केला आणि हात पुढे करून उभा राहिला. डावऱ्या त्या हाताशेजारून पुढे गेला. त्याला तो हात दिसलाच नाही. तो थेट खांबापर्यंत आला, त्यानं तपशीलरावांचे दोन्ही हात धरले, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला आणि लंगडत परत गेला.

साडूचा हात अजून पुढेच होता. हळूहळू त्यानं तो खिशात घातला.

परतताना साडू सगळ्यांच्या पुढे चालत होता. पुलाच्या वळणावर तो मागे राहून तपशीलरावांच्या बरोबरीनं चालू लागला.

"तुमची ओळख आहे त्याच्याशी?"

"आहे थोडी."

"कधीपासून?"

"असंच."

शंभर पावलं गेली. तपशीलरावांना आयुष्यात एवढी सुंदर शंभर पावलं आठवत नव्हती. मग साडू पुन्हा म्हणाला, "काय म्हणाला तो?"

"काही नाही हो."

"नाही, पण तुम्हालाच का म्हणाला?" साडूचा आवाज चिरका झाला होता. मघाच्या उचलाउचलीत त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं, केस विस्कटले होते, चेहरा एवढासा झाला होता. तपशीलरावांना अख्खं अंग वळवून त्याच्याकडे बघावं लागलं. हा चेहरा त्यांनी आठवडाभर आरशात पाहिला होता. हातात फुटबॉल घेतलेला तो हसरा माणूस हाच, हे खरं वाटेना. आणि काय झालं कोण जाणे, त्यांनी साडूची कॉलर सरळ केली.

"तुमच्याबद्दलच म्हणत होता," तपशीलराव म्हणाले. "म्हणाला, तुमच्या साडूंना सांगा, त्यांचा लेख आम्ही ड्रेसिंग रूममध्ये भिंतीला लावला होता."

साडू जागीच थांबला. "खरं?"

"खरं."

"भिंतीला?"

"दारासमोरच्या."

साडूचा चेहरा असा फुलला की पुलावरचे दोन हिरवे मफलरवालेसुद्धा वळून बघायला लागले. तो पळत पुढे गेला आणि त्यानं सासूबाईंना गाठलं. तपशीलराव मागून चालत राहिले. खोटं बोलून आपण हे काय करून बसलो, हे त्यांना पूल संपायच्या आतच कळलं होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. बायकोनं तो त्यांच्या कानाला लावून दिला, कारण आखडलेल्या मानेमुळे हात वर होत नव्हता.

"ऐकलंत का, थोरले?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या धाकट्यांचा लेख ड्रेसिंग रूममध्ये लावला होता हो! दारासमोरच्या भिंतीला! सगळी पोरं त्याच्या पाया पडून मग मैदानात उतरली म्हणे."

"हो का?" तपशीलराव म्हणाले. "मला कुणी बोललंच नाही."

"तुम्हाला कोण बोलणार?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मान जपा."